टायमिंग बेल्ट बदलला आणि गाडी बिघडली: शोध कुठून सुरू करायचा

बेल्ट बदलण्याआधी गाडी ठीक चालत होती. बदलल्यावर सुरूच होत नाही, किंवा मिस मारते, किंवा पिकअप घेत नाही. अशा वेळी गॅरेजमधून पहिलं उत्तर येतं ते 'इंजेक्टर साफ करावे लागतील', 'पेट्रोलमध्ये पाणी असेल' किंवा थेट 'ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय'. या गोष्टी एरवी होतातही. पण इंजिनाची एक बाजू ज्या दिवशी पूर्ण उघडली, नेमका त्याच दिवशी इंजेक्टरही गेला, हे पटण्यासारखं नाही. जिथे पाना लागला होता, शोध तिथूनच सुरू करायचा. त्यातही बाहेरून आत जायचं: आधी प्लग, पाइप आणि वायर, मग पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेचा दाब तयार होतो का) आणि अगदी शेवटी हेड, म्हणजे व्हॉल्व असलेला इंजिनाचा वरचा भाग.

हा लेख नवख्या गाडीमालकासाठी आणि नुकतंच काम शिकायला लागलेल्या फिटरसाठी आहे. गाडीला बेल्टच आहे ना, एवढं आधी पाहून घ्या. जुनी सँट्रो, आल्टो ८००, जुनी १.१ वॅगन-आर, इंडिका डिझेल, डस्टर डिझेल, पोलो-व्हेंटोचं टीडीआय डिझेल, इकोस्पोर्ट डिझेल, २.५ ची इनोव्हा यांना बेल्ट असतो. के-सिरीजच्या मारुतींना आणि १.३ मल्टिजेट डिझेलला चेन.

सगळ्यात आधी: सेल्फ मारणं थांबवा

गाडी सुरू होत नसेल तर सेल्फ मारत राहू नका. आणि काही झालं तरी धक्का स्टार्ट नको. ठाण्यात कोपरीच्या पुलावर किंवा सोसायटीच्या उतारावर चार जण मदतीला येतात, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला जातो, आणि तोवर बेल्टचे फक्त एक-दोन दात चुकलेलं टायमिंग आणखी सरकतं. डिझेल इंजिनांत आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांत उघडा व्हॉल्व आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात. त्यांची गाठ पडू न देणं हे बेल्टचं काम. ते चुकलं की व्हॉल्व वाकतो आणि बेल्टचं काम हेडच्या कामावर जातं. टो करायची वेळ आली तर न्यूट्रलमध्ये करा, गिअरमध्ये नाही.

सेल्फ एकदाच, तीन-चार सेकंद मारा आणि कान देऊन ऐका. चांगल्या इंजिनात सेल्फचा आवाज लयीत येतो, प्रत्येक कॉम्प्रेशनला किंचित अडखळतो. त्याऐवजी सेल्फ एकसारखा, भुर्रर्र करत, नेहमीपेक्षा वेगाने फिरला तर कॉम्प्रेशन तयार होत नाहीये. म्हणजे टायमिंग बरंच सरकलंय किंवा व्हॉल्व वाकलेत. इथेच थांबायचं आणि थेट खुणांकडे जायचं. लय आहे, एक ठोका रिकामा जातोय, तर एखाद्या सिलिंडरचा प्रश्न. लय पूर्ण आहे पण इंजिन पकडत नाही, तर स्पार्क, इंधन किंवा सेन्सर. या एका ऐकण्याने निम्मा तपास होतो. स्कॅनर त्यानंतर लावा.

पायरी १: हात लागलेल्या सगळ्या जागा

बेल्टपर्यंत पोहोचायला बहुतेक गाड्यांत फिटरला उजवं चाक, आतली प्लास्टिक शील्ड, बाहेरचे बेल्ट, इंजिन माउंट, क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली आणि टायमिंग कव्हर काढावं लागतं. कधी एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीही. त्यामुळे बॉनेट उघडून या गोष्टी पाहा.

बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का? सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू गाडीत बॅटरीचा लाल दिवा राहत असेल तर अल्टरनेटरचा बेल्ट सैल किंवा मागचा प्लग सुटलेला.

कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) सेन्सरचा आणि क्रँक सेन्सरचा प्लग नीट बसलाय का? 'टक्' झाल्याशिवाय बसला असं समजू नका. क्रँक सेन्सरची वायर काही इंजिनांत कव्हरच्या कडेने जाते आणि कव्हर बसवताना खाली चेपली जाते. वरून प्लग ठीक दिसतो, आत वायर तुटलेली असते. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सरकडे बोट दाखवा. २०० च्या आसपास काहीतरी दिसलं पाहिजे.

एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप, त्याचे क्लिप, थ्रॉटलजवळचे बारीक व्हॅक्यूम पाइप पाहा. एक जरी सुटलेला असेल तर स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग, वर-खाली होतो, गाडी सिग्नलला बंद पडते. इंजिन चालू असताना बोटाने एकेक दाबून पाहिलं तरी कळतं. पंखा आणि बाहेरचे बेल्ट यांच्यापासून हात लांब ठेवा.

बॅटरी काढली होती आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, तर पहिले काही किलोमीटर स्लो विचित्र लागणं स्वाभाविक आहे. इंजिन गरम होईपर्यंत, साधारण १० मिनिटं, एसी बंद ठेवून स्लोवर चालू ठेवा, मग थोडा वेळ एसी लावून. एवढ्यावर स्थिरावलं तर पुढे काही शोधू नका.

पायरी २: सीएनजीची गाडी असेल तर

एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) च्या रांगेत सीएनजीच्या गाड्या एवढ्या आहेत की हे वेगळं सांगायलाच हवं. तपास नेहमी पेट्रोलवर करायचा. पेट्रोलवर गाडी नीट आणि सीएनजीवर मिस मारते, तर बेल्टला दोष देऊ नका. सीएनजीला पेटायला जास्त जोराचा स्पार्क लागतो. जुने प्लग, कॉइल किंवा गॅस फिल्टर सीएनजीवर आधी उघडे पडतात.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये मात्र एक खास भानगड असते. टायमिंग ॲडव्हान्सरचं (सीएनजीवर स्पार्क थोडा आधी पाडणारं) छोटं डबडं क्रँक सेन्सरच्या वायरीत जोड देऊन बसवलेलं असतं आणि तो जोड बऱ्याचदा नुसत्या टेपवर असतो. बेल्टच्या कामात वायरिंग ओढलं गेलं की हा जोड ढिला होतो. गाडी चालता चालता बंद पडते आणि पाच मिनिटांनी सुरू होते. स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा कोड येतो, पी ०३३५. नवा सेन्सर घेण्याआधी तो टेप सोडून पाहा.

पायरी ३: स्कॅनर काय सांगतो, काय नाही

ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. कोड लिहून घ्या, मग पुसा, गाडी चालवा आणि परत आलेला कोडच खरा माना. बेल्ट काढलेला असताना कोणी चावी फिरवली असेल तर जुने कोड उगाच साठलेले असतात.

पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. बेल्टच्या कामानंतर हा आला तर दुसरं काहीही बदलू नका, कव्हर उघडा. पी ०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटचा, पी ०३३५ क्रँक सेन्सरच्या. यांत आधी प्लग आणि वायर. पी ०३०० म्हणजे मिसफायर, पण कुठल्याही एका सिलिंडरमध्ये नाही. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये. फक्त एकाच सिलिंडरचा कोड येत असेल तर टायमिंगपेक्षा तिथला प्लग, कॉइल किंवा वाकलेला व्हॉल्व जास्त संशयास्पद, कारण टायमिंग चुकलं की भोग सगळ्याच सिलिंडरना सारखा असतो.

कोड नाही म्हणजे टायमिंग बरोबर, हा मोठा गैरसमज. जुन्या गाड्यांच्या ईसीएमला एक दाताचा फरक कळतोच असं नाही. इथे लाइव्ह डेटातलं मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन कामाला येतं, आणि पेट्रोल गाडीसाठी ही मोफत चाचणी फार कमी लोक करतात. चावी ऑन, इंजिन बंद: ठाणे किंवा वाशी समुद्रसपाटीलाच असल्यामुळे साधारण १०० किलोपास्कल दिसेल. इंजिन गरम, एसी बंद, स्लोवर: टर्बो नसलेल्या निरोगी इंजिनात ते २८ ते ४० पर्यंत उतरतं. ५० च्या वरच अडकून राहत असेल आणि कुठे हवा गळत नसेल, तर इंजिन नीट श्वास घेत नाहीये. व्हॉल्व चुकीच्या वेळी उघडताहेत.

इनोव्हाच्या मीटरवरचा टी-बेल्टचा दिवा मात्र वेगळा. तो ठरलेल्या किलोमीटरला लागतो, बेल्टची प्रकृती तपासत नाही. बेल्ट बदलूनही तो लागलेला असेल तर रिसेट करायचा राहिलाय, एवढंच.

पायरी ४: खुणा, म्हणजे मुख्य काम

क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात असतात. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एक दात चुकणं म्हणजे क्रँकचे १८ अंश, २४ दात असतील तर १५. एक दात ऐकायला किरकोळ वाटतो, पण इंजिनाला १५ अंशांची चूक पेलत नाही. कॅम मागे राहिला तर खालच्या आरपीएमला दम राहत नाही. पुढे गेला तर खाली बरी चालते आणि वर गुदमरते. दोन दात चुकले तर स्लोच टिकत नाही. तीन चुकले तर सुरू होण्याची आशा सोडा, व्हॉल्वची काळजी करा.

खुणा पाहायची रीत अशी.

हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पेट्रोल गाडीचे सगळे स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. उजवं चाक उतरवायचं तर गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही.

वरचं टायमिंग कव्हर उघडा. क्रँकच्या बोल्टला गोटी आणि लांब दांडा लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. बहुतेक गाड्यांत ती घड्याळाची दिशा. जुन्या होंडा सिटीचं डी-सिरीज इंजिन उलटं फिरतं. उलट दिशेने फिरवलं तर टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीची) बाजू सैल पडते आणि जो दात चुकला नव्हता तोही चुकू शकतो. फिरवताना कुठे टणक अडथळा लागला तर जोर करू नका. तो पिस्टन व्हॉल्वला टेकल्याचा अर्थ असू शकतो.

क्रँकची खूण जुळवा आणि मग कॅमची पाहा. नवख्यांची हमखास चूक इथेच होते. बाहेरच्या क्रँक पुलीवर टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) खूण असते, कधी तिच्या शेजारी इग्निशन टायमिंगची वेगळी खाच असते, आणि आत दातेरी पुलीवर तिसरी. कुठली खूण कव्हरवरच्या कुठल्या रेषेला लावायची, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचं. 'सगळ्या मारुतींना सारखंच' हे वाक्य महागात पडतं. कॅमची खूण दिसतच नसेल तर कॅम कदाचित अर्धा फेरा मागे आहे. क्रँक अजून एक पूर्ण फेरा द्या आणि परत पाहा. हिरव्या किंवा पांढऱ्या मार्करच्या जुन्या खुणांवर विसंबू नका. त्या आधीच्या बेल्टच्या वेळी कोणीतरी केलेल्या असतात. कारखान्यात कोरलेली खाच हीच खरी.

जुळलं? आता पूर्ण दोन फेरे हाताने द्या आणि खुणा परत पाहा. बेल्ट बसवताना खुणा जुळलेल्या असतात, पण मधला पट्टा अर्धा दात सैल राहिलेला असतो. टेन्शनर सुटला की तो ओढला जातो आणि कॅम एक दात सरकतो. दोन फेऱ्यांनंतरच तो दिसतो. ज्या गॅरेजने हे दोन फेरे दिले नाहीत त्याने काम अर्धंच केलं, असं बेधडक समजा.

डस्टरच्या १.५ डिझेल आणि टीडीआयसारख्या इंजिनांत नुसत्या डोळ्यांवर भागत नाही. कॅम आणि क्रँक पिनांनी लॉक करून बेल्ट चढवायचा असतो. पिन नसताना 'अंदाजे' बसवलेला असेल तर पिनांचा सेट असलेल्या गॅरेजमध्येच गाडी न्या. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यात असे लोक मिळतात. आधी फोनवर विचारा: 'याच्या लॉकिंग पिना आहेत का?' उत्तर लांबलचक आलं तर पुढचा नंबर लावा.

खुणा जुळूनही गाडी तशीच? मग क्रँकची चावी पाहा. बऱ्याच इंजिनांत दातेरी पुली आणि क्रँक यांच्यामध्ये धातूची बारीक चावी असते. मधला बोल्ट हातानेच 'बस झाला' म्हणून आवळलेला असेल तर पुली डुलते, चावी आणि तिची खाच झिजते. बाहेरची खूण बरोबर दिसते आणि आतला क्रँक काही अंश मागे राहतो. अनेक इंजिनांत हा बोल्ट १०० न्यूटन-मीटरच्या वर, टॉर्क पान्यानेच आवळायचा असतो. ज्यांना आवळल्यानंतर पुढे ठरावीक अंश फिरवायचा असतो, ते बोल्ट एकदाच वापरायचे.

टेन्शनरही याच वेळी पाहा. एक्सेंट्रिक (मधोमध नसलेल्या बोल्टभोवती फिरवून ताण देतात त्या) प्रकारच्या टेन्शनरला एक काटा असतो. तो दोन खुणांच्या मध्ये यायला हवा, आणि त्याची मागची कडी हेडच्या खाचेत बसलेली हवी. उलट्या बाजूने फिरवून ताण दिला तरी त्या दिवशी बेल्ट घट्ट लागतो, पण इंजिन गरम-थंड झालं की ढिला पडतो.

पायरी ५: कॉम्प्रेशन

खुणा बरोबर करून घेतल्यावरच ही चाचणी करा. आधी केली तर चारही आकडे कमी येतात आणि माणूस उगाच पिस्टनच्या रिंगांच्या मागे लागतो. उलट, चारही सिलिंडर सारखेच कमी असणं हे टायमिंग अजून चुकलेलं असल्याचं लक्षण.

बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन शक्य असेल तर कोमट, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशनचे फ्यूज काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारा. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय यायला हवेत आणि सिलिंडर-सिलिंडरमधला फरक १५ टक्क्यांच्या आत. डिझेलला वेगळं, जास्त दाबाचं गेज लागतं. आकडे ३५० च्या वर असतात. पेट्रोलचं गेज डिझेलला लावू नका, ते फुटतं.

एखाद-दोन सिलिंडर खाली असतील तर त्यांत चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व, आणि बेल्टच्या कामानंतर तो बहुधा वाकलेलाच. हेड उतरवण्याआधी प्लगच्या भोकातून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टन पाहा. डोक्यावर चंद्रकोरीसारखी ताजी, चमकती खूण असेल तर वाद संपला.

आवाज, पाणी, तेल

गाडी नीट चालते पण आवाज नवा आहे, हीसुद्धा नेहमीची तक्रार. आरपीएमबरोबर चढत जाणारी बारीक 'उंऽऽ' अशी शीळ म्हणजे बेल्ट जास्त ताणलाय. चालवत राहिलात तर आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) किंवा वॉटर पंपचं बेअरिंग जाईल. कव्हरच्या आतून फटफट, खरखर म्हणजे बेल्ट सैल किंवा कव्हरला घासतोय. चिवचिव आवाज बहुतेक बाहेरच्या बेल्टचा. त्यावर थोडं पाणी शिंपडा: आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल. तरीही शंका असेल तर बाहेरचा बेल्ट उतरवून इंजिन ३० सेकंद चालवा. आवाज गेला तर टायमिंगचा संबंध नाही. स्लोवर स्टिअरिंग थरथरत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर इंजिन माउंटचा बोल्ट.

डस्टर, टीडीआयसारख्या इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप बदलला असेल तर कुलंटमध्ये हवा अडकते. काटा चढतो, पण हीटर लावला तर थंड हवा येते. हे हमखास लक्षण. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एअर ब्लीडचा स्क्रू उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून कुलंट हळूहळू भरा. घोडबंदर रोडवरच्या जॅममध्ये काटा वर गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. 'आलंच घर' म्हणत गायमुखचा चढ चढवू नका.

कव्हरच्या खालच्या कडेला तेलाचा ओघळ असेल तर कॅम किंवा क्रँकचं पुढचं सील गळतंय. तेल प्यायलेला बेल्ट फुगतो आणि दात सोडतो. तो नवा असला तरी सीलबरोबर बदलायचाच. खालचं कव्हर आणि चाकामागची शील्ड परत बसवली आहे ना, हेही बघा. 'राहू दे, काही होत नाही' म्हणून ती गॅरेजच्या कोपऱ्यात राहिलेली असते आणि पहिल्या पावसात वंदना टॉकीजजवळच्या पाण्यातून गाडी गेली की चिखल थेट बेल्टवर.

चाचणीचा फेरा आणि कागद

सगळं जुळल्यावर आधी १५ मिनिटं जागेवर, पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत. मग सपाट रस्त्यावर, नवी मुंबईत असाल तर पाम बीच रोडवर, मर्यादेत राहून सरळ वेग. मग चढ: येऊरचा किंवा बेलापूरच्या पारसिक हिलचा. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ४० च्या दरम्यान हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवा. एक दाताची चूक सपाटीवर लपते, चढावर लपत नाही. फेरा झाल्यावर कोड परत वाचा.

गॅरेजला गाडी पुन्हा दाखवायची असेल तर बिलावर बेल्ट, टेन्शनर, आयडलरचे पार्ट नंबर आणि त्या दिवशीचं मीटर वाचन लिहिलेलं असू द्या. जुने पार्ट मागून घ्या, जुळलेल्या खुणांचा फोटोही. नव्या बेल्टचे दात जुन्याशेजारी ठेवून मोजता येतात. संख्या, रुंदी आणि दातांचा आकार, तिन्ही सारखे हवेत. फक्त बेल्ट नवा आणि टेन्शनर जुनाच असेल तर त्याचं बेअरिंग हाताने फिरवून पाहा. खरखर किंवा सैलपणा लागला तर तेही बदला.

चुकीच्या कामामुळे व्हॉल्व वाकले आणि गॅरेज जबाबदारी झटकत असेल, तर हेड उतरवण्याआधी खुणांचे आणि बोरोस्कोपचे फोटो काढून ठेवा. एकदा इंजिन खोललं की पुरावा गेला. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते.

पुढचा बेल्ट कधी, हे मॅन्युअलमधल्या किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी येईल त्यावर ठरवा. माजिवडा ते गायमुख रोज रखडणाऱ्या गाडीत मीटर सरकत नाही, पण इंजिन आणि बेल्ट फिरतच असतात. अशा गाडीला वर्षांचा हिशोबच लावा. आणि आत्ता बसवलेल्या बेल्टसाठी: १,००० किलोमीटरनंतर वरचं कव्हर एकदा उघडून कडा उसवल्यात का, तेल आलंय का आणि टेन्शनरचा काटा जागेवर आहे का, एवढं पाहून घ्या.